युजीन फ्रांस्वा व्हिदॉक
युजीन फ्रांस्वा व्हिदॉक (२४ जुलै, १७७५ - ११ मे, १८५७) हे फ्रेंच गुन्हे-अन्वेषक व आठवणीकार होते. त्यांचा जन्म आरास येथे झाला. बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात सक्तमजुरीची शिक्षा झाल्यावर ते अनेकदा कैदेतून निसटले. १८०९ मध्ये ते पोलिसांचे खबरे बनले व पुढे पॅरिसच्या स्युरेते या गुन्हेशोधक पथकाचे प्रमुख झाले. या पथकातील अनेक जण पूर्वाश्रमीचे गुन्हेगार होते. १८१८ मध्ये व्हिदॉक यांना राजाने माफी दिली. १८२७ मध्ये पद सोडल्यानंतर त्यांच्या आठवणी १८२८ पासून प्रसिद्ध झाल्या व लोकप्रिय ठरल्या. मात्र प्रकाशकाने नेमलेल्या लेखकाने मजकुरात फेरफार केल्याची तक्रार स्वतः व्हिदॉक यांनीच केली. त्यामुळे त्यांतील तपासकथा इतिहासाचे साधन म्हणून सावधपणे वापराव्या लागतात. १८३३ मध्ये त्यांनी खाजगी गुप्तहेर संस्था स्थापन केली.