निवाऱ्यात राहायला गेलेले संत : ब्रदर आल्बर्ट

ख्रिस्तसभा दरवर्षी १७ जून रोजी पोलंडमधील संत ब्रदर आल्बर्ट यांचा सण साजरा करते. आपल्याकडे हे नाव फारसे कानावर येत नाही. पण ज्यांच्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, ती माणसे आपल्या ओळखीची आहेत. पुलाखाली, स्टेशनबाहेर, बंद दुकानाच्या पायरीवर झोपणाऱ्या माणसांना आपण सगळेच येता-जाता पाहतो. अशा माणसांसाठी शहराने काय करावे आणि आपण काय करावे, हे समजून घेण्यासाठी या संताचे जीवन आज आपण पाहू या.

त्यांचे मूळ नाव आदाम ख्मेलॉव्स्की. क्राकूव शहराजवळच्या इगोलोमिया या गावी २० ऑगस्ट १८४५ रोजी त्यांचा जन्म झाला. त्या काळी पोलंड नावाचा स्वतंत्र देश नकाशावर नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी तो आपसात वाटून घेतला होता. आदाम लहान असतानाच वडील वारले आणि किशोरवयात आईचेही छत्र हरपले. १८६३ साली रशियाच्या सत्तेविरुद्ध उठाव झाला, त्यात ते सामील झाले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला मेऊखुव येथील लढाईत त्यांच्या डाव्या पायाला जबर जखम झाली आणि पाय कापावा लागला. वय अवघे अठरा! पुढचे सारे आयुष्य त्यांनी लाकडी पायावर काढले.

नंतर ते चित्रकलेकडे वळले. म्युनिक येथे त्यांनी शिक्षण घेतले. त्या काळातील नामवंत पोलिश चित्रकार त्यांचे मित्र होते आणि आदाम यांचेही नाव होऊ लागले होते. १८७९ च्या सुमारास त्यांनी काट्यांचा मुकुट घातलेल्या, अपमान सोसणाऱ्या येशूचे चित्र काढायला घेतले. 'एक्चे होमो' या नावाने ते ओळखले जाते. हे चित्र कित्येक वर्षे त्यांच्या हातून पुरे होईना.

मनाची ओढ देवाकडे होती. १८८० साली ते येशूसंघात दाखल झाले. पण काही महिन्यांतच त्यांना तीव्र मानसिक आजाराने गाठले. त्यांना संघ सोडावा लागला आणि मनोरुग्णालयात राहावे लागले. पुढे भावाच्या घरी ते हळूहळू बरे झाले. ज्यांचा आधार तुटला आहे, अशा माणसांचे दुःख आदाम यांना फक्त ऐकून माहीत नव्हते.

१८८४ साली ते क्राकूवला आले. हे शहर ऑस्ट्रियाच्या अमलाखालील गालिसिया प्रांतात होते. गालिसियाचे दारिद्र्य साऱ्या युरोपात प्रसिद्ध होते. खेड्यातून पोटासाठी शहरात आलेल्या अनेकांना ना काम मिळे, ना घर. नगरपालिकेने त्यांच्यासाठी काझिमिएझ भागात एक निवारा उघडला होता. थंडीत कोणी रस्त्यावर गारठून मरू नये, एवढाच त्याचा उद्देश. त्याचे नावच मुळी 'ऊब मिळण्याची जागा' अशा अर्थाचे होते. आत घाण, गर्दी, दारू, मारामाऱ्या. माणसे जमिनीवर दाटीवाटीने झोपत. शहराने छप्पर दिले होते, पण त्या छपराखाली त्या माणसांचे असे कोणी नव्हते.

आदाम यांनी ही जागा पाहिली आणि ते हादरून गेले. आधी त्यांनी काही बेघरांना आपल्या चित्रशाळेतच आणून ठेवले. चित्रे विकून आलेला पैसा त्यांच्यासाठी खर्च केला. पण बाहेरून मदत पोहोचवून भागणार नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले. ज्यांना उठायला मदत करायची, त्यांच्याबरोबर राहिले पाहिजे. २५ ऑगस्ट १८८७ रोजी त्यांनी करड्या रंगाचा जाडाभरडा झगा अंगावर चढवला आणि ब्रदर आल्बर्ट हे नाव घेतले. पुढच्याच वर्षी त्यांनी व्रते घेतली.

१८८८ सालीच त्यांनी नगरपालिकेशी रीतसर करार करून पुरुषांचा निवारा चालवायला घेतला. त्यानंतर स्त्रियांचा निवाराही त्यांच्याकडे आला. शहराची जबाबदारी त्यांनी शहराच्या खांद्यावरून उतरवली नाही. त्यात जे कमी होते, ते मात्र त्यांनी स्वतः पुरवले. ते आणि त्यांचे सोबती तिथेच राहू लागले. साफसफाई झाली, गरम जेवण शिजू लागले. ज्यांच्या अंगात बळ होते, त्यांच्यासाठी कामाची सोय झाली. कारण हाताला काम मिळाले, की माणसाची मानही वर होते, हे ते जाणून होते. दारात आलेल्याचा धर्म, जात, मागचे आयुष्य विचारले जात नसे.

खर्चासाठी ब्रदर आल्बर्ट स्वतः लोकांकडे हात पसरत. जमीनजुमला आणि कायमचे उत्पन्न आपल्या संघाला नको, असा त्यांचा कटाक्ष होता. गरिबांबरोबर राहायचे, तर गरिबांसारखेच राहायचे! माणसाने भाकरीसारखे चांगले असावे, अशी त्यांची शिकवण होती. भाकर सर्वांसाठी टेबलावर ठेवलेली असते. भुकेल्याने यावे आणि आपला तुकडा घ्यावा.

या कार्यातून धर्मबंधूंचा संघ उभा राहिला आणि १८९१ साली धर्मभगिनींचाही संघ सुरू झाला. या भगिनींना पुढे सिस्टर बेर्नार्दिना याब्लोन्स्का यांचे नेतृत्व लाभले. इतर शहरांतही निवारे, अनाथालये उघडली गेली. २५ डिसेंबर १९१६ रोजी, नाताळच्या दिवशी, ब्रदर आल्बर्ट यांनी क्राकूवच्या आपल्या निवाऱ्यातच देह ठेवला. ज्या प्रभूला जन्माच्या वेळी धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती, त्याच्याच जन्मदिनी हा बेघरांचा भाऊ पित्याच्या घरी गेला.

क्राकूवमधील एक तरुण, कॅरल वोयतिवा, नाटकाची ओढ बाजूला ठेवून धर्मगुरू झाला. कला सोडून सेवेकडे वळलेल्या या चित्रकारात त्याला आपली वाट दिसली आणि त्याने ब्रदर आल्बर्ट यांच्यावर एक नाटकही लिहिले. तोच पुढे पोप जॉन पॉल दुसरे झाला. त्यांनी १९८३ साली क्राकूव येथे ब्रदर आल्बर्ट यांना धन्यवादित आणि १२ नोव्हेंबर १९८९ रोजी संत म्हणून घोषित केले. 'एक्चे होमो' हे चित्र आज क्राकूवमध्ये आल्बर्टाइन भगिनींच्या मंदिरात आहे.

बेघरांसाठी निवारा बांधणे हे शहराचे काम आहे आणि ते त्याने करावे, असा आग्रह आपण धरलाच पाहिजे. पण आपल्या गावाजवळ असा निवारा होणार म्हटले, की आपल्यापैकीच किती जण नाके मुरडतात! ब्रदर आल्बर्ट त्या दाराच्या आत राहायला गेले. आपल्याला निदान त्या दारापर्यंत जाता येईल. आत कोण आहे, त्याचे नाव काय, जेवला का, एवढे विचारता येईल. त्या चेहऱ्यात आपल्याला काट्यांचा मुकुट घातलेला प्रभू ओळखता यावा, अशी आपण या संताच्या मध्यस्थीने प्रार्थना करू या.