रुस्तम वकील आणि सर्पगंधेचे मूळ

आपल्या वार्षिकांकात चरित्रलेख म्हटला की तो बहुधा संताचा, सुधारकाचा नाहीतर साहित्यिकाचा असतो. डॉक्टरच्या वाट्याला ही पाने क्वचितच येतात. मी मात्र यंदा एका डॉक्टरविषयी लिहिणार आहे. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे पारशी हृदयरोगतज्ज्ञ. वैद्यकीय विद्यार्थ्यांना हे नाव वकील आणि गोलवाला यांच्या रुग्णतपासणीवरील पाठ्यपुस्तकामुळे ठाऊक असते. कला शाखेच्या आपल्यासारख्यांनी ते ऐकलेले असण्याचे कारण नाही. पण घरोघरी रक्तदाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या दिसतात, त्या गोळ्यांच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान या माणसाने लिहिले आहे.

वकिलांचा जन्म 1911 सालचा. वैद्यकीय शिक्षणासाठी ते लंडनला गेले, तेथली एम.डी. ही पदवी मिळवली आणि मुंबईला परतून परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले. हे रुग्णालय 1926 साली सुरू झाले. त्याला जोडलेल्या गोवर्धनदास सुंदरदास महाविद्यालयाला देणगी देणाऱ्यांनी एक अट घातली होती, की तेथील अध्यापक भारतीयच असले पाहिजेत. परदेशातून शिकून आलेल्या तरुण डॉक्टरला आपल्या हिमतीवर संशोधन करण्यासाठी अशी जागा मिळाली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

तो काळ रक्तदाबाच्या रोग्यांसाठी कसा होता, याची आज कल्पना करवत नाही. वाढलेला रक्तदाब ही शरीराची गरजच आहे, तो उतरवणे धोक्याचे ठरेल, असे मानणारे नामांकित डॉक्टर होते. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट 1945 च्या एप्रिलमध्ये मेंदूतील रक्तस्रावाने गेले, तेव्हा त्यांचा वरचा दाब 300 वर पोचला होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाला देण्यासारखे डॉक्टरांजवळ फारसे काही नव्हते. मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया होती. शिवाय 1940 नंतर केंप्नर नावाच्या डॉक्टरने भात, फळे आणि साखर एवढ्यावरच रोग्याला ठेवण्याचा आहार काढला होता. त्यात मीठ जवळजवळ नव्हतेच. कित्येकांचा दाब त्याने खरोखर उतरला, पण असे जेवण आयुष्यभर जेवणार कोण?

आपल्याकडे एक मूळ होते. सर्पगंधा हे हिमालयाच्या पायथ्यापासून सह्याद्रीच्या पावसाळी रानांपर्यंत आढळणारे छोटे झुडूप. त्याचे मूळ वेडावर आणि निद्रानाशावर देण्याची वहिवाट जुनी होती. बिहारकडे त्याला पागल की दवा असेच म्हणत. 1931 साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याने रक्तदाब उतरतो असे लिहिले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दीकींनी त्यातून काही रासायनिक द्रव्ये वेगळी केली. हकीम अजमल खानांच्या स्मरणार्थ त्यांतील एकाचे नाव त्यांनी अजमलीन ठेवले. म्हणजे वकिलांनी काही नवीन मूळ शोधून काढले नाही, आणि तसा त्यांचा दावाही नव्हता.

मग त्यांनी केले काय? त्यांनी मोजले. आपल्याकडे कोणत्याही मुळीचे नाव निघाले की आपल्या पूर्वजांना सारे ठाऊकच होते, असे म्हणून चर्चा संपवण्याची सवय आहे. उलट बाजूला, विलायती बाटलीत नाही ते औषधच नव्हे असे मानणारेही आहेत. वकील या दोन्ही गटांत बसत नाहीत. वर्षानुवर्षे त्यांनी हे औषध रोग्यांना देऊन पाहिले. रक्तदाबाचे 50 रुग्ण घेऊन औषध घेतल्यावर वरचा आणि खालचा दाब किती उतरतो, नाडीवर काय परिणाम होतो, गुंगी येते का, याच्या नोंदी केल्या. हा शोधनिबंध 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आला. आजच्या कसोट्या लावल्या तर त्यात उणिवा काढता येतील. 50 ही संख्याही काही फार मोठी नव्हे. पण मोठ्या बहुसंख्य रोग्यांचा दाब उतरला, आणि तो हळूहळू व सौम्यपणे उतरला, हे आता आकड्यांत मांडले गेले होते. ते वाचून कोणत्याही देशातल्या डॉक्टरला स्वतः पडताळा घेणे शक्य झाले.

तसा पडताळा घेतलाही गेला. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी ही मुळे मागवून आपल्या रोग्यांना दिली. 1952 साली स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत मुळातील मुख्य द्रव्य, रेसर्पिन, वेगळे करण्यात आले. 1957 साली वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी पद्मभूषण. विल्किन्सना लास्कर मिळाला तो 1958 साली.

आता हे मूळ काम कसे करते? मज्जातंतूंच्या टोकाशी रसायनाच्या बारीक पिशव्या असतात. मेंदूकडून हुकूम आला की त्या रिकाम्या होतात आणि रक्तवाहिन्या आवळल्या जातात. रेसर्पिन या पिशव्या पुन्हा भरू देत नाही. हुकूम येतो, पण पिशवीत माल नसतो, आणि रक्तवाहिन्या सैल राहतात.

परंतु रक्तदाबाची दुसरी किल्ली मिठात आहे, आणि केंप्नरच्या भाताचे गुपित वकिलांच्या हयातीत पुरते उलगडले नव्हते. आपली मूत्रपिंडे दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळतात. त्यातले मीठ तोलले तर दीड किलोच्या आसपास भरेल! ते जवळजवळ सगळे पुन्हा रक्तात ओढून घेतले जाते. अगदी शेवटचा थोडासा वाटा पेशींच्या पृष्ठभागावरील सोडियमच्या दारांतून आत येतो. शास्त्रज्ञ त्यांना चॅनेल म्हणतात. किती दारे ठेवायची हे पेशीच ठरवते. नको असलेल्या दारावर एक प्रथिन खूण करते, आणि खूण झालेले दार आत ओढून मोडीत काढले जाते. शरीरात मिठाची टंचाई झाली की अल्डोस्टेरोन हे संप्रेरक या खुणा करणाऱ्यालाच आवर घालते. मग दारे वाढतात, मीठ साठते, मिठामागे पाणी येते आणि दाब चढतो.

1963 साली अमेरिकेत लिडल या डॉक्टरने एका कुटुंबाची हकिकत प्रसिद्ध केली. त्या घरात तरुण वयातच रक्तदाब होता, अल्डोस्टेरोन मात्र नगण्य. त्याचे कारण 1994 साली उमगले. त्या कुटुंबात सोडियमच्या दाराचे जे शेपूट असते, नेमके जेथे खूण करायची, तेच जन्मतः तुटलेले होते. खूण होत नव्हती, म्हणून दारे मोडली जात नव्हती. अमिलोराइड नावाची गोळी ही दारे थेट बंद करते.

हे वाचताना मला आमच्या जुन्या जालन्यातील गच्च्या आठवल्या. उन्हाळ्यात तेथे पापड, कुरडया, ताकात बुडवलेल्या खारवलेल्या मिरच्या वाळत असतात. आमची आजी डोके दुखले तरच बीपीची गोळी घेई, आणि बरे वाटले की पट्टी फडताळात टाकून लोणच्याच्या बरणीकडे वळे. दाब वाढला तरी बहुधा काहीच दुखत नाही, हे तिला पटवणे आम्हांला कधी जमले नाही. वकिलांनी दाब रोज मोजून कागदावर मांडण्याचा एवढा आग्रह का धरला, ते तिच्याकडे पाहून मला अधिक कळले. रोग्याला काही जाणवतच नसेल तर आकड्याशिवाय डॉक्टरच्या हाती काय उरते?

रेसर्पिनची कीर्ती फार काळ टिकली नाही. जास्त मात्रेत घेणाऱ्या काही रोग्यांना खोल उदासीनतेने ग्रासले, कारण रक्तवाहिन्यांजवळच्या पिशव्यांबरोबर मेंदूतल्या पिशव्याही रिकाम्या होत होत्या. त्यातूनच मेंदूतील रसायने आणि मनाची खिन्नता यांचा संबंध शोधण्याला चालना मिळाली. वेडावर देण्याच्या मुळापासून निघालेली वाट अशी पुन्हा मनाच्या दारी आली. पुढे अधिक निर्धोक औषधे निघाली आणि रेसर्पिन मागे पडले. रानातली सर्पगंधाही बेसुमार खोदाईने विरळ झाली. सिद्दीकींचे अजमलीन मात्र निराळ्याच कामी आले. ते हृदयाच्या पेशींवरील सोडियमची दारे अडवते, म्हणून हृदयाच्या ठोक्यांचा एक आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी डॉक्टर ते आजही वापरतात. मूत्रपिंडातली दारे वेगळी आणि ही वेगळी, तरी एकाच मुळात दाब उतरवणारे एक द्रव्य आणि सोडियमची वाट अडवणारे दुसरे सापडावे याचे मला नवल वाटते.

वकील पुरस्कारानंतर थांबले नाहीत. 1961 साली वैद्यकाच्या इतिहासावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले. 1965 सालचे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. भारतातील डॉक्टरांच्या संघटनेने भारतीय रोग्यांचा विचार करून एक मोठे वैद्यकीय पाठ्यपुस्तक सिद्ध केले, त्याचे ते संपादक होते. त्याची पहिली आवृत्ती 1969 ची. तोवर आपल्या मुलांना विलायती रोग्यांवर लिहिलेल्या ग्रंथांवरच मुख्यतः विसंबावे लागे. 1974 च्या नोव्हेंबरमध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी, वकील वारले. त्या पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्त्या त्यांच्या पश्चातही निघत राहिल्या.