पुन्हा तेच काम नको! – ग्रेस हॉपर

मोठा प्रोजेक्ट एडिटरमध्ये उघडला की काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच. एक डॉट टाकायचा आणि सजेशनची वाट बघत बसायचं! आमच्या अंधेरीच्या हॉस्टेलमध्ये तेवढ्यात एक कटिंग पिऊन होतो. अशाच एका रात्री मी ग्रेस हॉपर यांच्याबद्दल वाचलं आणि वाटलं, आज बाई असत्या तर त्यांनी आपल्याला चांगलंच फैलावर घेतलं असतं.

ग्रेसचा जन्म न्यूयॉर्कचा, ९ डिसेंबर १९०६ चा. सात वर्षांची असताना, गजर वाजतो कसा हे बघायला तिने घरातली सात घड्याळं खोलून ठेवली! पुढे १९३४ साली येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. केली. महायुद्धात, वय जास्त आणि वजन कमी असूनही, १९४३ साली त्या अमेरिकन नौदलात दाखल झाल्या.

१९४४ मध्ये त्यांची नेमणूक झाली हार्वर्डच्या मार्क वन या ५१ फूट लांब कॉम्प्युटरवर. तिथे सगळे एकमेकांच्या वह्यांतून कोडचे तुकडे उतरवून घेत. उतरवताना चुका होत, पत्ते बदलताना बेरजा चुकत. एकदा झालेलं काम माणसाने पुन्हा हाताने का करायचं, हा प्रश्न बाईंच्या डोक्यात बसला.

१९५२ साली त्यांनी युनिव्हॅकसाठी ए-झिरो तयार केला. प्रत्येक तुकड्याला नंबर देऊन तो टेपवर ठेवायचा. नंबर सांगितला की मशीनच तो शोधून बसवणार. पण कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, असं मानणाऱ्यांना हे पटेना. बाई मागे हटल्या नाहीत. त्यांच्या फ्लो-मॅटिकच्या आधारावरच १९५९ मध्ये कोबोल आकाराला येऊ लागली.

भाषणांत त्या सुमारे ३० सेंटिमीटरच्या वायरी वाटत. एका नॅनोसेकंदात सिग्नल जास्तीत जास्त तेवढाच जातो. मायक्रोसेकंदाचं भेंडोळं मात्र ९८४ फुटांचं, म्हणजे आपल्या बारा डब्यांच्या लोकलहूनही लांब! वेळ वाया घालवताना प्रोग्रॅमरला ते दिसावं, एवढाच हेतू.

१९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं. त्यांच्या ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरायचं, पण वेळ बरोबर दाखवायचं. नेहमी असंच करतात म्हणून तसंच करायचं, हे त्यांना कधीच मान्य नव्हतं.

आपल्या एडिटरमागचा लँग्वेज सर्व्हर मोठ्या प्रोजेक्टमध्ये रखडतो, तो बऱ्याचदा तेच काम पुन्हा पुन्हा केल्यामुळे. हजारो फाइल्स परत कशाला वाचायच्या? बदललेली फाइल आणि तिच्यावर अवलंबून असलेल्याच तपासायच्या, नावांचा इंडेक्स डिस्कवर जपायचा, बिल्डची फोल्डर्स वगळायची. मी हे शेवटचं केलं आणि माझं कटिंग थांबलं.

मग, आज रात्री सबमिशनच्या आधी सेटिंग्ज उघडून बघणार ना?