देवळालीचे कापरेकर मास्तर अन् त्यांचा ६१७४

कोणतेही चार आकडे घ्या, फक्त चारही सारखे नकोत. समजा ३५२४. याच आकड्यांची सर्वांत मोठी संख्या ५४३२, सर्वांत लहान २३४५. वजाबाकी ३०८७. परत तसंच करा : ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४. आता पुढं कितीही करा, ६१७४ काही हलत नाही! जास्तीत जास्त सात फेऱ्यांत कुठलीही संख्या इथंच येते.

हे शोधलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणूचा. वडील कारकून, आई आठव्या वर्षीच गेली. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचं फर्ग्युसन. तिथं शिकताना १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळालं. १९२९ ला मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली, पुण्याला तेव्हा स्वतःचं विद्यापीठ नव्हतं. शिक्षण तिथंच थांबलं. १९३० ते १९६२ देवळालीत मास्तरकी केली.

पुढची पदवी नाही, म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच गणितींनी या शाळामास्तराला मोजलंच नाही. मास्तर मात्र आकड्यांत रमलेले. डोंबिवली स्टेशनवरून एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी चक्क ‘डेम्लो’ नाव दिलं.

१९७५ मध्ये अमेरिकेच्या मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्याविषयी लिहिलं, तेव्हा कुठं जगभर नाव झालं. वय सत्तर. तोवर पेन्शन पुरेना म्हणून शिकवण्या घ्याव्या लागल्या होत्या. १९८६ मध्ये मास्तर गेले.