मध्यभागी उभा असलेला माणूस : मेजर ध्यानचंद

आदिलाबाद जिल्ह्यातील आमच्या शाळेच्या क्रीडांगणावर दरवर्षी एक प्रसंग ठरल्यासारखा घडतो. हॉकीचा संघ निवडला जातो. आजवर ज्या मुलाने आघाडीच्या फळीच्या मधोमध, म्हणजे सेंटर फॉरवर्डच्या जागी खेळून गोल केलेले असतात, त्याला आम्ही काही दिवस उजव्या किंवा डाव्या बगलेवर खेळावयास सांगतो. त्याबरोबर मुलाचा चेहरा उतरतो. गेल्या वर्षी तर असा एक गुणी विद्यार्थी आठ दिवस मैदानाकडे फिरकलाच नाही. आपणास मधून उचलून कडेला लोटले, हा आपला अपमान झाला, असे त्याला वाटले. घरच्या मंडळींनाही तसेच वाटले. त्यांची समजूत घालण्यास आमचे शब्द अपुरे पडले. म्हणून, सेंटर फॉरवर्डच्या जागेला ज्यांनी जगात कीर्ती मिळवून दिली त्या मेजर ध्यानचंदांचे चरित्र या अंकात सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

ध्यानचंदांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी प्रयाग येथे झाला. वडील सैन्यात होते. त्यांच्या वरचेवर होणाऱ्या बदल्यांमुळे मुलाचे शालेय शिक्षण थोडक्यातच आटोपले. पुढे हे कुटुंब झाशीस स्थायिक झाले. राणी लक्ष्मीबाईंमुळे झाशीचे नाव मराठी घरांत परके नाही. त्याच गावाने देशाला हा दुसरा वीर दिला. लहानपणी मात्र ध्यानचंदांना हॉकीचे विशेष वेड नव्हते. झाडाच्या फांद्यांच्या काठ्या आणि चिंध्यांचा चेंडू घेऊन सवंगड्यांबरोबर खेळावे, एवढाच त्यांचा सराव. आमच्या खेड्यापाड्यांतील मुलेही याहून निराळे काय करतात?

१९२२ साली ते साधे शिपाई म्हणून दिल्ली येथे पलटणीत दाखल झाले. तेथे सुभेदार मेजर तिवारी नावाचे हॉकीचे भोक्ते होते. त्यांनी या तरुणाला खेळाचे पहिले धडे दिले. मूळचे नाव ध्यानसिंग. दिवसभराची चाकरी संपल्यावर चंद्र उगवला की त्याच्या प्रकाशात ते एकटेच चेंडू घोळवीत बसत, आणि त्यावरून सोबती त्यांना ध्यानचंद म्हणू लागले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूस ठेवली, तरी त्यांच्या अखंड परिश्रमांविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

१९२६ साली भारतीय लष्कराचा संघ न्यूझीलंडला गेला. २१ सामन्यांपैकी १८ सामने त्याने जिंकले आणि केवळ एक गमावला. परत आल्यावर ध्यानचंदांना लान्स नाईकची बढती मिळाली. दोन वर्षांनी, १९२८ साली, अ‍ॅम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये भारताने प्रथमच हॉकीचे सुवर्णपदक मिळविले. पाच सामन्यांत भारताने २९ गोल केले आणि एकही गोल आपल्यावर होऊ दिला नाही. त्या २९ पैकी १४ गोल एकट्या ध्यानचंदांचे होते.

येथे त्या काळच्या खेळाची रचना सांगणे अवश्य आहे. आघाडीला पाच खेळाडू असत : मधोमध सेंटर फॉरवर्ड, त्याच्या दोन्ही हातांना दोन इनसाइड, आणि अगदी कडेला राइट आऊट व लेफ्ट आऊट. आज ती रचना बदलली आहे, परंतु मध्य आणि बगल यांचे नाते बदललेले नाही. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे भारताने अमेरिकेचा २४ विरुद्ध १ असा पराभव केला. त्या सामन्यात सर्वाधिक गोल ध्यानचंदांचे नव्हते. त्यांनी ८ केले. त्यांच्या डाव्या हाताला इनसाइड लेफ्टच्या जागी खेळणारा त्यांचा धाकटा भाऊ रूपसिंग याने १० केले. अधिक सोयीच्या जागी सोबती उभा असेल तर चेंडू त्याच्याकडे द्यावयाचा, ही ध्यानचंदांच्या खेळाची खूण होती.

१९३६ साली बर्लिनला ते कर्णधार म्हणून गेले. स्पर्धेपूर्वी १७ जुलै रोजी झालेल्या सरावाच्या सामन्यात जर्मनीने भारतास ४ विरुद्ध १ असे हरविले. ध्यानचंद मध्यभागी असूनही हे घडले! आघाडीत उणीव आहे हे ओळखून इनसाइड राइटच्या जागेसाठी दारा या खेळाडूस हिंदुस्थानातून तातडीने बोलावण्यात आले. पावसामुळे अंतिम सामना एक दिवस पुढे ढकलला गेला आणि १५ ऑगस्ट रोजी ओलसर मैदानावर खेळला गेला. पावसाळ्यात आपल्या काळ्या मातीवर खेळणाऱ्यास ती अडचण निराळी सांगावयास नको. मध्यंतरापर्यंत भारताचा एकच गोल झाला होता. शेवटी त्याच जर्मनीचा ८ विरुद्ध १ असा पराभव झाला. मधला खेळाडू कितीही थोर असो, त्याच्या बाजू दुबळ्या असतील तर तोही दुबळा ठरतो, हा बर्लिनचा धडा होय.

आता मूळ प्रश्न. ध्यानचंदांनी आपली कीर्ती मिळविली ती मध्यभागीच. तेव्हा सेंटर फॉरवर्ड बगलेवरच घडला पाहिजे, असा नियम त्यांच्या चरित्रातून निघत नाही, हे आम्ही प्रांजळपणे कबूल करतो. परंतु त्यांच्यानंतरचे नामांकित सेंटर फॉरवर्ड बलबीरसिंग (थोरले) यांची वाट निराळी होती. ते आरंभी गोलरक्षक होते, मग बचावफळीत आले आणि त्यानंतर आघाडीला गेले. १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन सुवर्णपदके त्यांनी मिळविली. स्वतंत्र भारताच्या पहिल्या ऑलिंपिक संघाचे १९४८ मधील कर्णधार किशनलाल हे तर राइट आऊट होते. डॉ. आंबेडकरांचे जन्मस्थान असलेल्या महू गावचेच ते. संघाचे नेतृत्व करण्यासाठी त्यांना कड सोडावी लागली नाही.

मग आम्ही मुलांना बगलेवर का पाठवितो? मध्यभागी चेंडू सतत पायाशी येतो आणि चारी बाजूंनी प्रतिस्पर्धी घेरतात. नवख्या मुलास मान वर करून पाहण्यास सवड मिळत नाही. कडेला एका अंगाला रेषा असते. तेथे वाट पाहावी लागते, धावावे लागते आणि चेंडू मध्यात देताना कोण कोठे आहे हे पाहावे लागते. त्यातून स्टिकच्या सपाट बाजूनेच चेंडू मारता येत असल्याने डाव्या कडेवरून उजवीकडे चेंडू देणे विशेष कठीण. त्यासाठी सारे अंग वळवावे लागते. एक हंगाम हे कष्ट उपसलेला मुलगा मध्यभागी परतला, म्हणजे बगलेवरच्या सोबत्याला चेंडू केव्हा आणि कसा हवा असतो, हे त्याला सांगावे लागत नाही. ध्यानचंदांपाशी ही दृष्टी होती. ती ज्याच्यापाशी नाही, त्याने ती कडेला उभे राहून मिळवावी. मात्र शिक्षकानेही मुलास तेथे पाठवून विसरून जाऊ नये; तसे झाले, तर मुलाचा राग रास्तच ठरेल.

१९५६ साली ध्यानचंदांना पद्मभूषण हा किताब मिळाला. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी नव्या पिढीस शिकविले. उतारवयात त्यांना आर्थिक ओढाताण सोसावी लागली, हे आपणा सर्वांस लाजिरवाणे आहे. ३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्ली येथे त्यांचे निधन झाले, आणि झाशीतील ज्या मैदानाशी त्यांचे नाव जडले होते तेथेच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्यांचा जन्मदिवस आज राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. देशाच्या सर्वोच्च क्रीडा पुरस्कारास २०२१ पासून त्यांचे नाव आहे.

आमचा तो रुसलेला विद्यार्थी नवव्या दिवशी मैदानावर आला आणि काही न बोलता डाव्या कडेला जाऊन उभा राहिला. तो पुन्हा मध्यभागी खेळेल की बगलेवरच रमेल, हे आज सांगता येत नाही. परंतु परवाच्या सामन्यात त्याने स्वतः गोल न मारता चेंडू मध्यात दिला आणि दुसऱ्याने गोल केला, तेव्हा सर्वांत आधी टाळी त्यानेच वाजविली. ध्यानचंदांचे चरित्र त्याला अर्धे तरी समजले आहे, असे आम्ही मानतो.