मूछाळी मा : गिजुभाई बधेका

गिजुभाई बधेका (1885–1939) मूळचे वकील. मुलाच्या शिक्षणाच्या काळजीने मॉण्टेसोरीबाईंचे विचार वाचले आणि वकिली सुटली. 1920 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केले. छडी गेली, गोष्ट आली. गुजरातीत मुलांना वाचायला पुस्तके थोडी, म्हणून स्वतःच गोष्टी लिहिल्या. लोक कौतुकाने त्यांना मूछाळी मा, म्हणजे मिशीवाली आई म्हणत. त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक चौथीच्या वर्गात गोष्टींनीच सुरुवात करतो, पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभारतो. आपल्या ताराबाई मोडक भावनगरला त्यांच्या सहकारी होत्या. तेच काम त्यांनी पुढे बोर्डी-कोसबाडला नेले. आपल्या मुलांना मराठी वाचनाची गोडी लावायची, तर आधी गोष्टीचे पुस्तकच हाती द्यावे.