ब्रूस ली : दोन हजार पुस्तकं वाचणारा लढवय्या

भिवंडी तालुक्यातल्या कुठल्याही गावात चाळिशी-पन्नाशीच्या माणसाला ब्रूस ली विचारा, तो हातातली विळी खाली ठेवून नानचाकू फिरवल्याचा आव आणेल. टोपीवरचा फोटो, रिक्षाच्या मागचं चित्र, पिवळा पोशाख, सगळं आपल्याला माहीत. पण या माणसाच्या घरात दोन हजारांच्या वर पुस्तकं होती आणि त्यातली बरीच मारामारीच्या शास्त्राची होती, हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

ब्रूस लीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० चा, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा. वडील ली होई-च्युन हे चिनी संगीत नाटकातले नट, दौऱ्यावर गेलेले असताना पोर झालं. वाढला मात्र हाँगकाँगमध्ये. गल्लीत भांडणं, शाळेत खोड्या. तेरा-चौदाव्या वर्षी इप मॅन या वस्तादांकडे विंग चुन शिकायला लागला. अंगाशी भिडून, हातांनी झटपट लढायची ही चिनी पद्धत. १९५८ ला शाळांच्या बॉक्सिंग स्पर्धेत जिंकला. गंमत म्हणजे त्याच वर्षी चा-चा नाचाची स्पर्धाही मारली. पण मारामाऱ्या पोलिसांपर्यंत जायला लागल्या, तेव्हा १९५९ ला घरच्यांनी १०० डॉलर हातावर ठेवून त्याला बोटीनं अमेरिकेला धाडलं.

सिएटलला त्यानं हॉटेलात वेटरचं काम केलं, पुढे विद्यापीठात गेला, पोरांना शिकवायला लागला. वस्ताद समुद्रापलीकडे राहिले आणि विंग चुनचं शिक्षण अर्धवटच होतं. १९६३ ला त्यानं चिनी कुंग फूवर स्वतःचं छोटं पुस्तकही काढलं, ते टपालानं विकलं जायचं.

खरं वळण आलं १९६४ च्या अखेरीला. ओकलंडला वाँग जॅक मॅन या चिनी लढवय्याशी बंद दाराआड त्याची लढत झाली. ती कशी झाली यावर आजही वाद आहेत. लीच्या बाजूच्या लोकांनी सांगितलं की तो जिंकला, तीनेक मिनिटांत. पण जिंकूनही तो खूश नव्हता. दम लागला, हात हवे तसे चालले नाहीत. आपली विद्या अपुरी आहे हे त्याला कळलं. दुसरा असता तर जिंकल्याचे पेढे वाटत बसला असता.

मग त्यानं पुस्तकं उघडली. हॅसलेटचं आणि जॅक डेम्प्सीचं बॉक्सिंगवरचं, आल्दो नादीचं तलवारबाजीवरचं. नुसती वाचली नाहीत, रेघा ओढल्या, टिपणं काढली. तलवारबाज आपलं हत्यार पुढे धरतो, म्हणजे वार करायला अंतर कमी पडतं. लीनं हेच उचललं आणि आपला जोरकस उजवा हात-पाय पुढे ठेवला. बॉक्सर बहुतेक उलटं करतात. दुसरी गोष्ट, समोरच्यानं वार सुरू करताच, तो पोचायच्या आत आपला ठोसा बसवायचा. हीसुद्धा तलवारबाजीतली युक्ती. यातूनच १९६७ ला नाव पडलं जीत कुन दो, म्हणजे वार मध्येच अडवणाऱ्या मुठीची वाट.

वाचलेलं प्रत्येक तंत्र तो साथीदारांच्या अंगावर आजमावून बघायचा. पटलं तर ठेवायचा, नाही तर सोडून द्यायचा. जीन लीबेल या ज्युदो-कुस्तीवाल्याकडून पकडी घेतल्या. आपल्या गामा पैलवानाच्या व्यायामाबद्दल वाचून दंड-बैठका सुरू केल्या. याच गामाचा भाऊ इमामबक्ष १९१२ ला शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाच्या पहिल्या लढतीत उतरला होता. म्हणजे आखाड्यातल्या मातीचा कण त्या पोलादी शरीरात होता म्हणायला हरकत नाही. आणि पुस्तकांचं म्हणाल तर आपल्याकडेही बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड मराठीत काढले होते. ते आज किती तालमींत आहेत, हा प्रश्न विचारायलाच हवा.

लीनं स्वतःच्या तंत्राचं पुस्तक करायला फोटो काढून ठेवले होते. पण छापणं त्यानंच थांबवलं. पुस्तक बघून कुणीही आपल्या नावाचा क्लास काढेल, ही त्याची भीती होती. १९७० च्या सुरुवातीला तर स्वतःचे क्लासही बंद केले.

त्याच वर्षी घात झाला. नीट अंग न तापवता सुमारे ५७ किलोचा बार खांद्यावर घेऊन तो वाकला आणि कमरेची नस दुखावली. पुन्हा लाथ मारता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. जिममध्ये नवीन गेलेल्या आपल्या पोरांनी हा भाग दोनदा वाचावा. कित्येक महिने तो पडून होता. त्या काळात त्यानं आपल्या जे. कृष्णमूर्तींची पुस्तकं वाचली आणि वह्याच्या वह्या लिहून काढल्या. मग हळूहळू उठला, लाथाही मारायला लागला. पाठदुखी मात्र गेली नाही.

१९७१ च्या सुरुवातीला तो भारतात आला होता, हेही सांगायला हवं. अमेरिकन कंपनीचे पैसे भारतात अडकलेले, ते बाहेर नेता येत नव्हते, म्हणून इथेच सिनेमा काढायचा बेत होता. जेम्स कोबर्न या नटासोबत मुंबई, दिल्ली, मद्रास, गोवा असं फिरून जागा बघितल्या. बेत फसला. मग तो हाँगकाँगला गेला आणि 'द बिग बॉस'पासून दोन वर्षांत आशियातला सगळ्यात मोठा नट झाला.

२० जुलै १९७३ ला डोकं दुखतं म्हणून गोळी घेऊन झोपला तो उठलाच नाही. मेंदूला सूज आली होती. वय ३२. 'एंटर द ड्रॅगन' तेव्हा थिएटरात लागायचा होता. अंथरुणावर लिहिलेल्या त्या वह्यांतून पत्नी लिंडानं १९७५ ला 'ताओ ऑफ जीत कुन दो' हे पुस्तक काढलं. थांबवून ठेवलेल्या फोटोंचीही पुढे चार पुस्तकं निघाली.